विश स्पेल कसं हाताळायचं? डीएमसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती चालवणाऱ्यांसाठी, म्हणजे डीएमसाठी (डंजन मास्टर) आहे. विश हे त्यातलं इच्छा पुरवणारं स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र. आकडे २०१४ च्या पुस्तकातले आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकातले काही महत्त्वाचे फरक त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत. खेळातले शब्द टेबलावर बोलतात तसेच ठेवलेत.

विश नेमकं काय करतं, आणि ते कोणाच्या हाती येतं?

नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या लेव्हलचं कन्ज्युरेशन (जादूचा एक प्रकार). एक ॲक्शन लागते, उच्चार फक्त तोंडी, सामग्री काही नाही. विझर्ड आणि सॉर्सरर या पात्रवर्गांच्या यादीत ते आहेच. आर्काना डोमेनचा क्लेरिक आणि जीनीशी करार केलेला वॉरलॉकही तिथवर पोचतात. या सगळ्यांना पात्राची १७ वी लेव्हल लागते, म्हणजे २,२५,००० एक्सपी (अनुभवाचे गुण). बार्ड मॅजिकल सीक्रेट्समधून (दुसऱ्यांच्या यादीतली स्पेल्स घ्यायची सवलत) उचलतो, पण १८ व्या लेव्हलला. नवव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल करायची राखीव ताकद) एकच असल्यामुळे लाँग रेस्टमागे, म्हणजे पूर्ण विश्रांतीमागे, एक विश.

या स्पेलला तीन कप्पे आहेत. पहिला: आठव्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या कुठल्याही स्पेलची नक्कल. दुसरा: पुस्तकात दिलेली ठराविक फायद्यांची यादी. तिसरा: मोकळी इच्छा, मनात येईल ते मागा, पुढचं डीएमच्या हातात. टेबलावरची बहुतेक भांडणं तिसऱ्या कप्प्यातली असतात, आणि त्यातली निम्मी डीएमनं आधीचे दोन कप्पे नीट न वाचल्यामुळे होतात.

नक्कल करताना डीएमला काही ठरवावं लागतं का?

जवळजवळ नाही. मूळ स्पेलच्या अटी लागत नाहीत. रिझरेक्शनचा १,००० सोन्याच्या नाण्यांचा हिरा नको, हॅलो (जागा पवित्र करणारं स्पेल) करायचे २४ तास नकोत, ड्रुइडच्या यादीतलं स्पेल विझर्डनं केलं तरी चालतं. स्ट्रेस (विश करणाऱ्याला मोजावी लागणारी किंमत, पुढे सांगितली आहे) नाही, वाकडं काही होत नाही. इथे इच्छा वाकवणारा डीएम सरळसरळ चुकतोय.

गोंधळ होतो तो वेळेचा. विश फक्त स्पेल करायला लागणारा वेळ खातं, स्पेलच्या आतला वेळ तसाच राहतो. क्लोन (मेल्यावर आत्म्याला जायला दुसरा देह वाढवणारं स्पेल) एका ॲक्शनमध्ये सुरू होईल, पण देह पिकायला १२० दिवस लागतीलच. हीरोज फीस्टचं ताट लढाईच्या मधोमध मांडता येईल, पण जेवायला तास लागतो आणि गुण त्यानंतर येतो. टेलिपोर्टची नक्कल केली तरी चुकीच्या ठिकाणी पडायचा फाशांचा तक्ता लागू. कॉन्सन्ट्रेशनचं स्पेल असेल तर कॉन्सन्ट्रेशन ठेवावंच लागतं. नक्कल वरच्या स्लॉटनं केल्यासारखी धरायची का, यावर मतभेद आहेत. आम्ही ती मूळ लेव्हललाच धरतो, नाहीतर आठव्या लेव्हलची स्पेल्स घेण्यात अर्थच राहत नाही.

२५,००० नाण्यांची वस्तू मागितली तर?

द्या. अटी चार: वस्तू एकच, मॅजिकल नसलेली, कुठल्याही बाजूनं ३०० फुटांपेक्षा मोठी नाही, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या मोकळ्या जागेत जमिनीवर येते. शेवटची अट खेळाडू विसरतात. पुस्तकात युद्धनौकेची किंमत बरोबर २५,००० आहे, त्यामुळे कोणीतरी ती मागतंच. ती येते, अगदी नवी कोरी, आणि गवतावर आडवी कलंडते. त्यात डीएमचा दुष्टपणा काही नाही, स्पेलमध्ये तसं लिहिलंय. मागण्याआधी एकदा आठवण करून द्या. तरीही मागितली तर ती पाण्यापर्यंत ओढत न्यायचा पुढचा सेशन आपोआप तयार.

दुसरी नेहमीची मागणी हिऱ्याची. ट्रू रिझरेक्शनला २५,००० चे हिरे लागतात, आणि ते नवव्या लेव्हलचं असल्यामुळे त्याची नक्कल होत नाही. म्हणून विझर्ड हिरा मागतो आणि क्लेरिक दुसऱ्या दिवशी स्पेल करतो. हा रस्ता मोकळा ठेवा. त्याची किंमत विझर्ड स्ट्रेसमध्ये मोजतोच. ‘पुस्तकात हिरे असं अनेकवचन आहे, तुझा एकच आहे’ म्हणून अडवणं कोतेपणाचं आहे. याउलट ‘२५,००० सुटी नाणी’ ही एक वस्तू नव्हे.

यादीतले बाकीचे फायदे कुठे फसतात?

समोर दिसणाऱ्या २० जणांचे सगळे हिट पॉइंट्स परत आणि ग्रेटर रिस्टोरेशन या बरं करणाऱ्या स्पेलनं जातं ते सगळं दूर: यात वाद नाही. १० जणांना एका डॅमेज प्रकाराविरुद्ध रेझिस्टन्स (नुकसान निम्मं), तोही कायमचा: यात मात्र लोभ सुटतो. डॅमेजचे १३ प्रकार आहेत, एकेक करून सगळे घेऊ म्हणणारा खेळाडू भेटेल. त्याला अडवू नका, हिशेब दाखवा. प्रत्येक वेळी विश कायमचं जाण्याची शक्यता ३३ टक्के. तेरावा प्रकार घ्यायला आधीचे १२ फासे सुखरूप जावे लागतात, आणि ती शक्यता १ टक्क्याहूनही कमी आहे.

१० जणांना ८ तास एका स्पेलपासून किंवा मॅजिकल परिणामापासून इम्युनिटी: इथे ‘मॅजिकल’ हा शब्द महत्त्वाचा. लिचचा (मरूनही उरलेल्या जादूगाराचा) लाइफ ड्रेन यात बसतो, ड्रॅगनचा श्वास बसत नाही, कारण अधिकृत खुलाशानुसार तो मॅजिकल नाही. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा चमू) ड्रॅगनच्या गुहेच्या दारात उभी असताना हे सांगण्यात अर्थ नाही, आधी सांगा.

शेवटचा फायदा म्हणजे गेल्या राउंडमधला एक फासा पुन्हा टाकायला लावणं, ॲडव्हान्टेज किंवा डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला चांगला किंवा वाईट) देऊन, आणि मग जुना-नवा यांतला हवा तो ठेवणं. याला रिॲक्शन नाही, ॲक्शन लागते. म्हणजे स्वतःची पाळी यायची वाट बघावी लागते.

२०२४ मध्ये यादीत आणखी एक कलम आलं: आपली एक फीट (पात्राचं खास कौशल्य) देऊन दुसरी घेता येते. दुसऱ्या कशाची पूर्वअट असलेली फीट मात्र देता येत नाही.

यादीबाहेरची इच्छा आली. आता?

खेळ थांबवा. घाईत दिलेला निकाल पुढचे सहा महिने निस्तरावा लागतो.

पहिलं, खेळाडूला पात्राबाहेर येऊन विचारा: यातून तुला काय साधायचंय? बरेच खेळाडू डीएमला घाबरून खरा हेतू लपवतात आणि आडवळणानं मागतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुमच्याच टेबलावर लागली असेल, तर ती मोडायची जबाबदारीही तुमची. दुसरं, तो हेतू पहिल्या दोन कप्प्यांत बसतो का ते बघा. ‘माझ्या भावाची अक्कल परत यावी’ याला यादीबाहेर जायची गरजच नाही. फीबलमाइंड (अक्कल घालवणारं स्पेल) ग्रेटर रिस्टोरेशननं उतरतं, आणि ते पाचव्या लेव्हलचं आहे. तिसरं, तरीही बाहेर जायचं असेल तर वाक्य कागदावर लिहून घ्या. एकच वाक्य, साधारण २५ शब्दांच्या आत. चौथं, फासे पडायच्या आधी खेळाडूला तीनपैकी एक उत्तर द्या: हे होईल, हे अर्धंच होईल, किंवा हे वाकडं जाईल. कसं वाकडं जाईल ते सांगायचं नाही, फक्त जाईल एवढंच. पाचवं, त्यानं ‘मी बोललो’ म्हटलं की ती दगडावरची रेघ.

तीनपैकी कुठलं उत्तर द्यायचं? मोजपट्टी पुस्तकातच आहे: नवव्या लेव्हलची बाकीची स्पेल्स. मीटिओर स्वॉर्म, गेट, ट्रू रिझरेक्शन, पॉवर वर्ड किल. मागणी त्यांच्याएवढी किंवा लहान असेल तर मुकाट्यानं द्या. त्याहून मोठी असेल तर चार गोष्टी बघा: किती जणांवर परिणाम, किती दूरवर, किती काळ, आणि एखाद्या देवाच्या किंवा आर्चडेव्हिलच्या पायावर पाय पडतोय का. एका गोष्टीत मोठी असेल तर अर्धी द्या, दोनांत असेल तर वाकवा, तीन-चारांत असेल तर स्पेल फसतं. हे चार प्रश्न पुस्तकातले नाहीत, आमचे आहेत, पण टेबलावर टिकतात.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. तीन आठवड्यांपूर्वी ड्रॅगननं एका पात्राचं गाव जाळलं, १४० माणसं गेली. खेळाडू म्हणतो, ‘ते गाव जळलंच नाही असं व्हावं.’ फासा पुन्हा टाकायची मुदत एका राउंडची, म्हणजे सहा सेकंदांची. बरं करायची मर्यादा २० जणांची, तीही जिवंत. ट्रू रिझरेक्शन एकाला उठवतं. म्हणजे संख्येत मोठी, काळातही मोठी: वाकणार. आता इथे डीएम पहिली चूक करतो ती भूतकाळ बदलायची. गाव जळलं म्हणून तर पार्टी एकत्र आली. ते जळलंच नसेल तर पार्टी भेटली कुठे, मधल्या तीन आठवड्यांत मिळालेली लूट कोणाची, मेलेला नोकर जिवंत की मेला? या गुंत्यात शिरू नका. भूतकाळाला हात लावायचा नाही, परिणाम बदलायचा. राखेतून घरं उभी राहतात, माणसं अंगणात उठून बसतात, चुली पेटतात, पण प्रत्येकाला आपण जळाल्याचं आठवतंय. पात्राची आई त्याला ओळखते आणि दिव्याची वात पेटवायला घाबरते. इच्छा पूर्ण झाली, किंमतही दिसली, आणि कॅम्पेन शाबूत राहिलं.

इच्छा किती वाकवायची? शब्दात पकडणं हाच विशचा गंमतीचा भाग नाही का?

शब्दात पकडायचं ते इच्छा पुरवणाऱ्यानं, डीएमनं नव्हे. हा फरक पाळला की निम्मे प्रश्न सुटतात.

विझर्डनं स्वतः विश केलं तर समोर कोणी लबाड बसलेला नाही. ते स्पेल आहे, पाण्यासारखं. उताराकडे जातं, सर्वांत कमी कष्टाचा मार्ग धरतं. लेजंडरी वस्तू मागितली तर नवी घडवण्यापेक्षा मागणाऱ्याला ती जिथे आहे तिथे, तिच्या मालकासमोर नेऊन उभं करणं सोपं, म्हणून तसं होतं. हे उदाहरण स्पेलच्या मजकुरातच आहे. त्यात द्वेष नाही, आळस आहे. स्वतः केलेल्या विशमधलं प्रत्येक वाकण या ‘आळशी मार्गा’च्या कसोटीवर घासून बघा. तुमची कल्पना इच्छा सरळ पुरवण्यापेक्षा जास्त खटपटीची असेल, तर ती तुमची खोडी आहे.

एफ्रिटीनं (अग्नीच्या जीनीनं) दिली तर गोष्ट वेगळी. तो गर्विष्ठ आहे, गुलाम ठेवणारा आहे, आणि इच्छा अशी वाकवतो की फायदा त्याचा व्हावा. केवळ नुकसान नाही, त्याचा फायदा. हा धागा सोडू नका. जिन्नीला (वाऱ्याच्या जीनीला) एखादा माणूस आवडला तर ती हेतू बघून देते. डेव्हिल करारातलं अक्षर बघतो, हेतू नाही, पण अक्षर मोडत नाही, त्यामुळे नीट लिहिलेली इच्छा तो जशीच्या तशी पुरवतो. देवाला हेतू कळतो. आपल्याकडच्या वरांच्या कथांत हेच दिसतं: हिरण्यकशिपूला ब्रह्मदेव फसवत नाही, वर तंतोतंत देतो. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. फट राहिली ती मागणाऱ्याच्या यादीत, आणि ती शोधली तिसऱ्यानंच. डीएमसाठी हा नमुना चांगला आहे: इच्छा आज पूर्ण द्या, फट शत्रूला नंतर सापडू द्या.

खेळाडूनं दोन पानांची वकिली इच्छा लिहून आणली तर?

वाचू नका. विश एका ॲक्शनमध्ये, म्हणजे सहा सेकंदांच्या राउंडमध्ये, तोंडानं बोलायचं असतं. त्यात २५ शब्द बसतात, दोन पानं बसत नाहीत. पण तो माणूस दोन पानं का लिहून आणतो याचाही विचार करा. आधीच्या इच्छेला तुम्ही काय केलं होतं?

खेळ मराठीत चालतो. इच्छेच्या शब्दांत काही वेगळे खड्डे आहेत का?

आहेत, आणि मजेदार आहेत. इंग्रजी ‘वी’ला नसलेला फरक मराठीत आहे: ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नाही, ‘आपण’मध्ये आहे. बाटलीतल्या एफ्रिटीसमोर ‘आपल्याला इथून सोडव’ म्हटलं तर तोही सुटला, आणि त्याची सेवा तिथेच संपली. शिवाय ‘आपण’ म्हणजे आदरानं ‘तुम्ही’ही. ‘मारणे’ म्हणजे ठार करणं आणि नुसती थप्पड देणंही. ‘त्या ड्रॅगनला मार’ हे ऐकून एफ्रिटी जाऊन एक ठेवून देईल आणि दुसरी इच्छा विचारेल. ‘आमच्या आयुष्याचं सोनं कर’ म्हणणाऱ्यांचं काय होईल ते सांगायला नको.

हे सगळं एफ्रिटीच्या तोंडी शोभतं, विझर्डच्या स्वतःच्या विशला लावू नका. आणि अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलणाऱ्या टेबलावर आधीच ठरवा की कागदावर ज्या भाषेत लिहिलं तीच खरी. आणखी एक: २०१४ च्या पुस्तकात एफ्रिटीला फक्त इग्नन येते, जिन्नीला ऑरन. पार्टीत ती भाषा कोणाला येत नसेल तर इच्छा टंग्ज या भाषा समजवणाऱ्या स्पेलमधून किंवा दुभाष्यामार्फत जाणार. दुभाषा कोणाच्या बाजूचा आहे?

स्ट्रेस कसा मोजायचा?

पहिला कप्पा सोडून काहीही केलं की तीन गोष्टी लागतात.

पुढच्या लाँग रेस्टपर्यंत जे स्पेल कराल त्याच्या प्रत्येक लेव्हलमागे १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) नेक्रॉटिक डॅमेज, आणि ते कशानंही कमी होत नाही. तिसऱ्या लेव्हलचं फायरबॉल म्हणजे सरासरी १६.५, पाचव्याचं काही केलं तर २७.५, आठव्याचं ४४. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या १७ व्या लेव्हलच्या विझर्डचे सरासरीनं १०४ हिट पॉइंट्स असतात. आठव्याचं एक, सातव्याचं एक, की तो २१ वर. कॅन्ट्रिपची (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेल्सची) लेव्हल शून्य, त्यामुळे त्यांना डॅमेज नाही.

स्ट्रेंग्थ ३ वर येते, २डी४ दिवस. ३ म्हणजे ४५ पौंड, साधारण २० किलो ओझं. नुसता आराम केला तर प्रत्येक दिवसामागे दोन दिवस वजा होतात, म्हणजे ५ आले तर तिसऱ्या दिवशी माणूस उभा.

शेवटी ३३ टक्के शक्यता की विश पुन्हा कधीच करता येणार नाही. डी१०० टाका, १ ते ३३ आलं की संपलं. हा फासा टेबलावर, सगळ्यांसमोर, खेळाडूच्या हातानं पडू दे. दोन इच्छांनंतर विश शिल्लक असण्याची शक्यता ४५ टक्के, तीननंतर ३०. सरासरी काढली तर एका माणसाच्या वाट्याला आयुष्यात जेमतेम तीन स्ट्रेसवाल्या इच्छा येतात. नियम लिहिणाऱ्यांनी मुद्दाम केलं असो वा नसो, जुन्या कथांतला तीनाचा आकडा असा फाशांतून पुन्हा निघतो.

चतुर खेळाडू विश दिवसाच्या शेवटी, झोपायच्या आधी करतो. मग नेक्रॉटिक डॅमेजचा दातच पडतो. हे चालू द्या. ज्या दिवशी झोपायला वेळ नाही अशा दिवशी विशची गरज पडेल अशी गोष्ट रचणं तुमच्या हातात आहे.

‘मला आणखी शंभर इच्छा हव्यात’?

१९७४ च्या मूळ खेळात तीन इच्छांची अंगठी होती, आणि तिथेच यावर सल्ला होता: असं मागणाऱ्या लोभ्याला काळाच्या बंद चक्रात टाका, त्याला पहिल्यांदा अंगठी मिळाली त्या क्षणाकडे परत पाठवा. पन्नास वर्षांचा प्रश्न आहे. आज एवढं नाट्य नको. स्पेल फसतं, स्ट्रेस लागतो, पुढे चला.

‘खलनायक मरावा’?

मोजपट्टी पॉवर वर्ड किलची: समोर दिसतोय आणि १०० किंवा कमी हिट पॉइंट्स आहेत, तर मेला. नाहीतर पुस्तकातलं प्रसिद्ध उदाहरण आहे: मागणारा भविष्यात फेकला जातो, जिथे खलनायक कधीचाच वारलेला असतो. वाचायला झकास, चालवायला वाईट. एक माणूस बसस्टॉपवरून घरी जातो आणि चार जण त्याच्याशिवाय खेळतात. त्यापेक्षा खलनायक पडतो, आणि त्यानं चार महिन्यांपूर्वी पेरून ठेवलेला क्लोन तळघरात डोळे उघडतो. लिच असेल तर फायलॅक्टरी (त्याचा आत्मा जपणारी वस्तू) आहेच. पार्टीला मधले काही दिवस मिळाले, ते काही कमी नाहीत.

सिम्युलॅक्रमची युक्ती थांबवायची कशी?

आधी युक्ती समजून घ्या. विझर्ड सिम्युलॅक्रम (बर्फातून हुबेहूब प्रतिमा बनवणारं स्पेल) साध्या पद्धतीनं करतो: १२ तास, बर्फ, १,५०० ची माणकाची पूड. नवव्या लेव्हलचा स्लॉट न वापरता ठेवल्यामुळे बर्फाच्या प्रतिमेकडेही तो असतो. प्रतिमा विश करून मूळ विझर्डचा आणखी एक सिम्युलॅक्रम बनवते, तो पुढचा बनवतो, आणि साखळी थांबत नाही. ‘पुन्हा स्पेल केलं की आधीची प्रतिमा नष्ट होते’ हे कलम लागत नाही, कारण प्रत्येक वेळी करणारा निराळा. दुसरी युक्ती त्याहून सरळ: मोकळी इच्छा प्रतिमेकडून मागवायची, म्हणजे स्ट्रेस तिला लागेल.

२०२४ मध्ये पहिली बंद झाली, प्रतिमेला सिम्युलॅक्रम करताच येत नाही. २०१४ खेळत असाल तर हेच वाक्य उचला. दुसरीला टेबलचा नियम लागेल: प्रतिमेनं मोकळी इच्छा केली तर ३३ टक्क्यांचा फासा मूळ विझर्डलाही लागू. दोन्ही कॅम्पेनच्या सुरुवातीला सांगा. १७ व्या लेव्हलला पोचलेल्याला ऐन वेळी सांगितलं तर भांडण अटळ.

पाचव्या लेव्हलच्या पार्टीला विश मिळालं. आता काय?

कुठून मिळालं ते बघा. लक ब्लेडमध्ये १डी४–१ इच्छा असतात, म्हणजे चारात एकदा तलवार रिकामीच निघते. डेक ऑफ मेनी थिंग्ज या जादूच्या पत्त्यांमधला चंद्र १डी३ इच्छा देतो. अंगठीत तीन. हे सगळं स्वतः स्पेल केल्यासारखंच आहे, त्यामुळे स्ट्रेस वापरणाऱ्याला लागतो. फायटरला नेक्रॉटिक डॅमेजची फिकीर नाही, कारण तो स्पेल करतच नाही, पण स्ट्रेंग्थ ३ त्याला विझर्डपेक्षा कितीतरी जास्त जाचते. ३३ टक्क्यांचा फासा उलटला तर अंगठीतल्या उरलेल्या इच्छा त्याच्यासाठी बंद, दुसऱ्या कोणाच्या बोटात घालाव्या लागतात. एफ्रिटी बॉटलमध्ये मात्र स्पेल एफ्रिटी करतो, स्ट्रेस त्याचा. बाटली उघडल्यावर डी१०० वर १ ते १० आलं तर तो अंगावर येतो, ९१ किंवा त्यापुढे आलं तरच तीन इच्छा.

लहान लेव्हलची पार्टी मॅजिक वस्तू मागते. आमचा पायंडा: रेअरपर्यंत सरळ द्या, व्हेरी रेअर द्या पण तिचा जुना मालक शोधत येईल असं बघा, लेजंडरीला स्पेलमधलाच नियम.

शत्रूकडे विश असेल तर?

त्यानं नक्कल करावी किंवा फासा पुन्हा टाकायला लावावा. मोकळी इच्छा पार्टीवर कधी वापरू नका, त्याला फासा नाही, सेव्ह (वाचण्यासाठीचा फासा) नाही, नुसतं डीएमचं तोंड आहे. पार्टीला प्रतिकाराची संधी हवी. विश फक्त तोंडी आहे, म्हणून सायलेन्सच्या २० फूट त्रिज्येच्या गोलात ते होतच नाही. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटनं केलेल्या काउंटरस्पेलला (दुसऱ्याचं स्पेल थोपवणारं स्पेल) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १९ लागतो. ॲबिलिटी मॉडिफायर +५ असेल तर डी२० वर १४ किंवा जास्त, म्हणजे ३५ टक्के. २०२४ मध्ये उलट विश करणारा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकतो, आणि स्पेल थोपवलं तरी त्याचा स्लॉट वाचतो.

जुन्या आवृत्त्यांत किंमत वेगळी होती?

हो. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत करणाऱ्याचं वय तीन वर्षांनी वाढायचं, दुसरीत पाच. माणसाला ते झोंबायचं, एल्फ खांदे उडवायचा. साडेतीन (३.५) आवृत्तीत ५,००० एक्सपी जायचे, पण एफ्रिटीला प्लेनर बाइंडिंगनं पकडून त्याच्याकडून फुकट इच्छा घ्यायची पळवाट सगळ्यांना पाठ होती. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत २५,००० चा हिरा लागतो. यातलं वयाचं कलम आजच्या खेळात आणायचं असेल तर स्ट्रेंग्थच्या जागी आणा, दोन्ही एकदम लावू नका.

एका विशनं दुसरं विश रद्द होतं का?

होतं, पण तीही मोकळी इच्छा, तिलाही स्ट्रेस, तिलाही तेच चार प्रश्न. पहिल्या इच्छेचा कागद जपून ठेवला असेल तर काम सोपं जातं.